साथीच्या काळातील शिक्षकांचे स्नेहमेळावे

प्राथमिक शाळांतील शिक्षकवर्ग वर्षातून चार-दोन प्रसंगी तरी एकत्र जमतो. कोणी सेवानिवृत्त होतो, कोणाची बदली होते. संक्रांतीस तिळगूळ वाटला जातो, हिवाळ्यात वनभोजन निघते. द्विशिक्षकी शाळेत काम करणाऱ्यास समव्यवसायी माणसांशी मोकळेपणाने बोलण्याची संधी बहुधा अशा वेळीच मिळते. हे मेळावे म्हणजे केवळ करमणूक, असे म्हणणे त्यामुळे योग्य होणार नाही. २०२० सालच्या मार्च महिन्यात कोविडच्या साथीमुळे ते एकाएकी बंद पडले. शाळेत नाव दाखल करताना जन्मतारीख ठाऊक नसल्यास १ जून लिहून टाकण्याचा जुना प्रघात महाराष्ट्रात होता, आणि म्हणून ३१ मे रोजी सेवानिवृत्त होणाऱ्यांची संख्या येथे नेहमीच मोठी असते. त्या वर्षी अशा अनेक शिक्षकांची प्रदीर्घ सेवा शाल-श्रीफळावाचून आणि सहकाऱ्यांच्या दोन शब्दांवाचून संपली.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाची साथ पुन्हा उद्भवणार नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. अशा वेळी मेळावा भरवावा काय, आणि भरविल्यास कसा भरवावा, याचा विचार शांत दिवसांतच करून ठेवणे इष्ट होय.

प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की, रोग कोणत्या वाटेने पसरतो? १९६१ साली इंडोनेशियात सुरू झालेली पटकीची जागतिक साथ अद्यापही पूर्णपणे निमालेली नाही. ती दूषित पाण्यातून व अन्नातून पसरते. तिच्या काळात मेळाव्यातील धोक्याची जागा पाण्याचा पिंप आणि उघडी कोशिंबीर ही असते. कोविड किंवा इन्फ्ल्युएंझा यांच्या बाबतीत धोक्याची जागा खोलीतील हवा ही असते. वाट चुकीची ओळखली तर उपायही चुकीचे योजले जातात. २०२० मध्ये नेमके हेच घडले. दारात सॅनिटायझरची बाटली आणि ताप मोजण्याचे यंत्र ठेवून आत खिडक्या बंद करून बसणे, ही गोष्ट तेव्हा सर्रास दिसे. वस्तूंना स्पर्श केल्याने कोविड होण्याचा संभव फारच थोडा आहे, हे पुढे संशोधनाने स्पष्ट झाले. हात धुण्याची सवय इतर अनेक रोगांच्या दृष्टीने मोलाची आहे व ती टिकलीच पाहिजे; मात्र तिने हवा शुद्ध होत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात घडलेला एक प्रसंग मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथील माउंट व्हर्नन या गावी १० मार्च २०२० च्या सायंकाळी एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. साथीची बातमी सर्वांस ठाऊक होती. दारात हातांसाठी सॅनिटायझर होते. नेहमीची हस्तांदोलने व आलिंगने सदस्यांनी टाळली होती. ६१ माणसे अडीच तास एकत्र होती, मध्ये थोडा वेळ विश्रांती व अल्पोपाहार झाला. त्यांपैकी एका व्यक्तीस सर्दीसारखी लक्षणे होती. पुढील काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले. त्यांतील ३२ जणांचा रोग तपासणीने सिद्ध झाला व २० जणांचा संभाव्य ठरला. दोघे मृत्यू पावले. जमलेली माणसे निष्काळजी नव्हती. हातांची काळजी त्यांनी घेतली होती. हवेची काळजी घ्यावी लागते, हे त्या वेळी फारसे कोणास ठाऊक नव्हते.

या प्रसंगाचे कारण चुलीच्या धुरावरून सहज समजते. मनुष्य श्वास सोडतो, बोलतो वा गातो, तेव्हा त्याच्या तोंडातून डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. शांत श्वासापेक्षा बोलण्यात, आणि बोलण्यापेक्षा मोठ्याने बोलण्यात वा गाण्यात ते अधिक सुटतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. बारीक कण मात्र धुराप्रमाणे तरंगत राहतात. कोंदट खोलीत ते साचतात, उघड्या माळावर क्षणात विरून जातात. ज्या खोलीत एका कोपऱ्यातील उदबत्तीचा वास लवकर सर्वत्र पसरतो व विझविल्यावरही बराच वेळ रेंगाळतो, त्या खोलीत माणसांचा श्वासही तसाच रेंगाळणार. मेळाव्याची जागा ठरविण्यापूर्वी हा प्रयोग करून पाहण्यास एक उदबत्ती पुरते.

तरीही खरी अडचण जागेची नसून ओळखीची आहे. परक्या माणसासमोर मनुष्य आपोआप सावध असतो; वीस वर्षांच्या सहकाऱ्यासमोर तो सावध राहत नाही, व राहिल्यास ते त्याचे त्यालाच अवघड वाटते. २०२० मध्ये दिवसभर मास्क लावून घरोघर सर्वेक्षण करणाऱ्यांनी कार्यालयात परतताच मास्क काढून एका टेबलाभोवती चहा घ्यावा, हे दृश्य विरळा नव्हते. कोविडचा रोगी लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासूनच इतरांस रोग देऊ शकतो; त्यामुळे ‘सगळी आपलीच माणसे, सगळी ठणठणीत’ या समजुतीवर विसंबता येत नाही. शिवाय शिक्षकांच्या मेळाव्यातून निघालेला रोग तेथेच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण तीस-चाळीस मुलांसमोर उभा राहतो व सायंकाळी घरच्या वृद्ध माणसांजवळ बसतो. एकाच शाळेचे दोन्ही शिक्षक अंथरुणास खिळले, तर त्या गावची शाळाच बंद पडते.

म्हणून मेळावा उघड्यावर भरवावा, ही पहिली गोष्ट. शाळेचे पटांगण, आंब्या-चिंचेची सावली, देवळापुढील मोकळी जागा यांपैकी काहीही चालेल. प्लेगच्या दिवसांत गावेच्या गावे घरे सोडून शेतांत झोपड्या बांधून राहत असत. त्यामागील कारण निराळे होते, तो रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरे. पण मोकळ्या माळाचा आश्रय ग्रामीण महाराष्ट्रास नवा नाही, एवढे त्यावरून दिसते. वनभोजन ही तर शाळांची जुनीच रीत आहे. साथीच्या काळात तिच्याइतकी सोयीची दुसरी सापडणे कठीण.

पावसाळ्यामुळे छताखाली बसणे भागच असेल, तर खोली निवडून घ्यावी. पेरू देशाची राजधानी लिमा येथील ८ रुग्णालयांत केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील हवा साधारणतः ताशी २८ वेळा बदलते. यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांत मात्र ती १२ वेळाच बदलत होती. त्यातही पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हे प्रमाण ताशी ४० पर्यंत, तर नव्या इमारतींत १७ च्या आसपास होते. जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू शाळांस जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत. मात्र खिडकीपुढे दप्तराचे कपाट उभे केलेले असेल, तर जुनी इमारतही उपयोगाची नाही. ते आधी सरकवावे. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वारा आरपार वाहील असे पाहावे. मुख्याध्यापकांची छोटी खोली या कामी सर्वांत वाईट.

तालुक्याच्या गावी एखाद्या हॉटेलच्या वातानुकूलित दालनात समारंभ करण्याची टूम अलीकडे रूढ होत आहे. चीनमधील ग्वांगजौ शहरी २४ जानेवारी २०२० रोजी अशाच एका बिनखिडक्यांच्या दालनात तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर जेवत होती. पहिल्या कुटुंबातील एक व्यक्ती वुहानहून आलेली होती. इतर दोन कुटुंबांचा तिच्या कुटुंबाशी सहवास सव्वा तासापेक्षा अधिक झाला नाही. तरीही तिच्यासह तिन्ही कुटुंबांतील १० जणांस रोग झाला. वातानुकूलन यंत्राचा झोत त्याच टेबलांवरून फिरत होता. इतर टेबलांवरील माणसे व वाढपी त्यातून सुटले.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण मेळाव्यातील सर्वांत जोखमीचा भाग तोच. तेव्हा मास्क उतरलेला असतो, माणसे समोरासमोर असतात आणि गप्पांना रंग चढलेला असतो. साथ जोरात असताना जेवण वगळून फराळाची पुडी घरी न्यावयास देणे उत्तम. एकत्र जेवावयाचेच असेल, तर प्रत्येकाने आपला डबा व आपला पेला आणावा. नेहमीची समोरासमोरची पंगत न मांडता सर्वांची तोंडे एकाच दिशेस राहतील अशी एकच रांग, दोघांत दोन हातांचे अंतर ठेवून, झाडाखाली मांडावी. एकमेकांच्या डब्यातील लोणचे चाखण्याचा मोह त्या दिवसापुरता आवरावा लागेल. जेवण वीस मिनिटांत आटोपावे व गप्पा त्यानंतर मास्क लावून, फिरता फिरता कराव्यात. मास्क नाकातोंडावर घट्ट बसणारा, एन-९५ प्रकारचा असावा. सैल कापडी पट्टीचा उपयोग त्या मानाने बराच कमी.

हळदीकुंकवाच्या प्रसंगी दोघी अगदी जवळ येतात खऱ्या, पण क्षणभरच. अंगणात उभ्याउभ्या तो विधी उरकल्यास जोखीम अल्प राहते. त्याच बायका नंतर माजघरात तासभर बसल्यास ती वाढते. ओमिक्रॉनची लाट महाराष्ट्रात २०२२ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमारास आली होती, याची आठवण येथे ठेवावी.

कार्यक्रम एका तासाचा असावा. समूहाने म्हटले जाणारे स्वागतगीत टाळावे अथवा एकाच व्यक्तीने श्रोत्यांपासून दूर उभे राहून म्हणावे. ध्वनिक्षेपक असल्यास वक्त्यास ओरडून बोलावे लागत नाही. भाषणे दोनच ठेवावीत. ही सूचना साथ नसतानाही श्रोत्यांस गोड वाटेल.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. निरोपसमारंभात ज्याचा सत्कार होतो तो अठ्ठावन्न वर्षांचा असतो, आणि त्याचे जुने सहकारी म्हणून ज्यांस अगत्याने बोलावले जाते ते त्याहूनही वृद्ध असतात. ज्यांच्यासाठी समारंभ, त्यांनाच त्यापासून सर्वाधिक धोका. तेव्हा दिवस, जागा व माणसांची संख्या सत्कारमूर्तीस विचारून ठरवावी, आणि त्याने ‘नको’ म्हटल्यास तो संकोच समजून आग्रह धरू नये. मधुमेहाचा वा क्षयाचा रुग्ण, गर्भवती शिक्षिका, घरी अंथरुणास खिळलेली आई असलेला शिक्षक यांना न येण्याची मोकळीक असावी. ती मोकळीक मुख्याध्यापकांनी व केंद्रप्रमुखांनी स्वतः होऊन, आधी व उघडपणे बोलून दाखविली पाहिजे; अन्यथा वरिष्ठ येणार म्हणून कनिष्ठ शिक्षक ताप अंगावर काढूनही हजर राहतो. ज्यास त्या दिवशी घसादुखी वा कणकण असेल त्याने येऊ नये, आणि न आल्याबद्दल त्याला मागाहून टोमणे ऐकावे लागू नयेत. साथ गावात पसरू लागली असेल अथवा जमाव करण्यास शासनाची मनाई असेल, तर समारंभ पुढे ढकलावा. निरोप दोन महिन्यांनी दिला म्हणून शिळा होत नाही.

मेळाव्यास आलेल्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक एका कागदावर टिपून ठेवावेत. हजेरीपट भरण्यात ज्याचा हात बसला आहे, त्याला हे काम जड नाही. पुढील आठवडाभरात कोणास लक्षणे दिसली, तर त्याने तपासणीच्या निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी त्या यादीतील सर्वांस कळवावे, आणि कळविणाऱ्याचे नाव पारावरच्या चर्चेचा विषय होऊ न देण्याची काळजी इतरांनी घ्यावी. एकदा कोणाची अशी बोलणी झाली, की पुढचा मनुष्य आजार लपवितो. जो समारंभास येऊ शकला नाही, त्याच्या ओसरीवर दोघांनी जाऊन, अंगणातूनच पण नीट बसून, तिळगूळ द्यावा.