तिच्याशी बोलले कोण? अपंग अत्याचारग्रस्तांसोबत उभे राहताना

वस्तीत अत्याचाराची घटना घडली की आपली पावले आपोआप पोलीस ठाण्याकडे वळतात. निवेदन तयार होते, मोर्चाची तारीख ठरते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. ही तत्परता चळवळीने आपल्याला दिलेली ताकद आहे. पण जिच्यावर अत्याचार झाला ती कर्णबधिर असेल, अंध असेल, अंथरुणाला खिळलेली असेल किंवा तिला बौद्धिक अक्षमता असेल, तर या धावपळीत तिच्याशी बोलते कोण?

आमच्याकडूनही ही चूक झाली आहे. एका कर्णबधिर मुलीच्या घरी आम्ही सात-आठ जण एकदमच गेलो. भावाशी बोललो, वडिलांशी बोललो, निवेदनाचा मसुदा तिथेच लिहिला. ती दाराशी उभी राहून आमच्या ओठांकडे पाहत होती. बाहेर पडल्यावर लक्षात आले, तिला आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. तिच्यासाठी लढायला गेलेल्या आम्हीच तिला बाजूला ठेवले होते. या लेखाची सुरुवात त्या दिवसापासून झाली.

ती का बोलत नाही?

अनेकदा अत्याचार करणारा आणि सांभाळ करणारा एकच माणूस असतो. आंघोळ घालणारा, औषध देणारा, व्हीलचेअर ढकलणारा, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे बँकेतून काढून आणणारा. त्याच्याविरुद्ध बोलायचे म्हणजे उद्या जेवण कोण देणार, हा प्रश्न आधी उभा राहतो. म्हणून "तक्रार कर" असे सांगण्यापूर्वी तिच्या निवाऱ्याची, औषधांची आणि पैशांची सोय काय, याचे उत्तर आपल्याकडे हवे. मारहाण नसली तरी काठी लपवणे, श्रवणयंत्र काढून घेणे, औषध बंद करणे, पेन्शन हडपणे हासुद्धा छळच आहे.

दुसरी गोष्ट आघाताची. मोठा धक्का बसलेल्या माणसाला घटना क्रमाने आठवतेच असे नाही. तारीख चुकते, मधला भाग गळतो, काही जण हसतात, काही जण गप्प होतात. पोलीस त्याला "जबाब बदलते" म्हणतात आणि आपणही कधी कधी संशय घेतो. पटाचारेची कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. पती, मुले, आईवडील सगळे गमावून भान हरपलेल्या त्या स्त्रीला लोक वेडी म्हणून हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले. आधी ती भानावर आली, मग तिच्या अंगावर वस्त्र आले, आणि त्यानंतर ती स्वतः बोलली. आधी सुरक्षितता, मग प्रश्न हाच क्रम आपण पाळायचा आहे.

कायदा काय देतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. बलात्कार, विनयभंग, अ‍ॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांत पीडित व्यक्ती तात्पुरती किंवा कायमची, शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या, तिने निवडलेल्या ठिकाणी जाऊन फिर्याद नोंदवायची आहे. सोबत गरजेप्रमाणे दुभाषी किंवा विशेष शिक्षक हवा आणि नोंदीचे व्हिडिओ चित्रीकरण हवे. कायद्याने 'तात्पुरती' असाही शब्द वापरला आहे. त्यामुळे "आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणा" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. घटना कुठल्याही हद्दीतली असो, माहिती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवा.

न्यायालयातही मार्ग आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ नुसार बोलू न शकणाऱ्या व्यक्तीने खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे. त्याच्या कलम ७ नुसार छळाची माहिती कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकते. तालुक्यात हे अधिकार सहसा तहसीलदारांकडे असतात. ते सुटकेचे, संरक्षणाचे आणि निर्वाहखर्चाचे आदेश देऊ शकतात. सांभाळ करणाराच छळ करत असेल, तर हे कलम फार उपयोगी आहे.

जात आणि अपंगत्व, दोन्ही लिहा

२०११ मध्ये आंध्र प्रदेशात अनुसूचित जातीतील, जन्मापासून अंध असलेल्या एका तरुणीवर तिच्या घरात बलात्कार झाला. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा होता. तिने त्याला आवाजावरून ओळखले. पाटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची साक्ष ग्राह्य धरली आणि जन्मठेप कायम ठेवली. अपंग स्त्रीची साक्ष केवळ अपंगत्वामुळे कमी दर्जाची ठरत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. स्त्री, दलित आणि अंध या तिन्ही ओळखींचा भार तिच्यावर एकत्र पडतो, हेही मांडले.

पण त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षा रद्द झाली. त्या वेळच्या कायद्यानुसार गुन्हा जातीच्या कारणावरून झाला हे सिद्ध करावे लागे, आणि तसा स्वतंत्र पुरावा अभियोग पक्षाने दिलेला नव्हता. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरेसे आहे. आरोपी तिला किंवा तिच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर कलम ८ नुसार त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. म्हणून फिर्यादीत तिची जात, तिचे अपंगत्व आणि आरोपीची कुटुंबाशी ओळख या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी आल्या पाहिजेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींनाही हे संरक्षण आहे. जातीचा दाखला वेळेत जोडणे हे आपले काम.

याच कायद्याचे कलम १५-अ पीडितांना स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेण्याचा हक्क देते. "तुम्ही कोण?" असे ठाण्यात विचारले गेले, तर हे कलम दाखवा.

प्रत्यक्षात काय करायचे

- घरी दोघांनीच जा, त्यात एक स्त्री असावी. बाकीच्यांनी बाहेरची कामे करावीत.
- तिच्याशी बोला, तिच्याकडे पाहून बोला. कुठे बसायचे, कोण सोबत हवे, कधी थांबायचे हे तिला ठरवू द्या.
- घटना एकदाच सांगावी लागेल असे पाहा. प्रत्येक कार्यकर्त्याला नव्याने सांगायला लावू नका.
- दुभाषी घरातला किंवा आरोपीच्या ओळखीचा नसावा. गावातल्या अनेक कर्णबधिर व्यक्तींना भारतीय सांकेतिक भाषा येत नाही, त्यांच्या घरगुती खुणा असतात. अशा वेळी त्या खुणा समजणारी विश्वासू व्यक्ती आणि प्रशिक्षित दुभाषी दोघेही लागतात.
- अंध व्यक्तीला पूर्ण जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही.
- बौद्धिक अक्षमता असेल तर छोटी वाक्ये, चित्रे, वेळ. उत्तर तिच्या तोंडी घालू नका.
- तिला स्पर्श करण्याआधी, व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारा.
- नाव, फोटो, घराचा पत्ता कुठेही टाकू नका. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. मोर्चाचा फलकही त्यातून सुटत नाही.
- पीडित १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो लागू होतो आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे तिला आधीच प्रामाणिकपणे सांगा.

स्त्रिया, अनुसूचित जातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती या तिघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, क्रमांक १५१००. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी १४४१६.

आरोपी आपलाच असेल तर

सगळ्यात कठीण प्रसंग हाच. आरोपी वस्तीतला, मंडळातला, कधी विहारात पुढे बसणारा असतो. तेव्हा "समाजाची बदनामी होईल", "आपसात मिटवू", "तिला कुठे काय कळते" अशी वाक्ये ऐकू येतात. सवर्ण आरोपीविरुद्ध रस्त्यावर उतरणारे आपण इथे बैठक घेऊन प्रकरण दाबणार असू, तर त्या मुलीच्या दृष्टीने आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय? बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. त्या मोजपट्टीत आपल्या वस्तीतली अंध, कर्णबधिर, अंथरुणावरची स्त्रीही येते.

सुरुवात साधी आहे. आपल्या विहाराला उतार आहे का? वर्षावासाच्या प्रवचनात सांकेतिक भाषेचा दुभाषी कधी बोलावला का? वस्तीत किती अपंग व्यक्ती राहतात, त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत का? जिला आपण एरवी भेटलोच नाही, ती संकटात आपल्याला हाक मारणार नाही. या रविवारी वंदनेनंतर दोघे-दोघे मिळून त्या घरांत जाऊ या. निवेदन नको, फोटो नको. फक्त जाऊ, बसू आणि ऐकू.

जय भीम, नमो बुद्धाय.