परक्या पेढीवरची उमेदवारी

व्यापारी मनुष्य सल्ला पुष्कळ ऐकतो. विकत मात्र क्वचितच घेतो. ज्याने चाळीस वर्षे गादी सांभाळली, तेजी-मंदीचे अनेक फेरे पाहिले, कोणाला उधारी द्यावी आणि कोणाला देऊ नये हे चेहऱ्यावरून ओळखले, त्याला तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाने येऊन धंदा कसा करावा हे सांगावे, ही कल्पनाच त्याला काहीशी विनोदी वाटते. गंमत अशी, की असा सल्ला देणारी मुले-मुली आता आपल्याच घरांतून तयार होऊ लागली आहेत. एम.बी.ए. होऊन कन्सल्टिंग कंपनीत रुजू झालेल्या मुलाविषयी वडील अभिमानाने सांगतात. ‘पण तो नेमके करतो काय?’ असे कोणी विचारले की अडखळतात. व्यवस्थापन-सल्ल्याची ही विद्या शिकतात तरी कशी, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे.

वस्तुतः हिशेबाच्या वहीशी या व्यवसायाचे जुने नाते आहे. जगातील एका अग्रगण्य सल्लागार संस्थेला ज्यांचे नाव लाभले, ते जेम्स मॅकिन्झी शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवीत असत. अंदाजपत्रकाद्वारे धंद्यावर नियंत्रण कसे ठेवावे, यावर त्यांनी १९२२ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १९२६ मध्ये आपली पेढी उघडली. मालकाचे आकडे मालकालाच नव्या क्रमाने मांडून दाखवायचे, ही त्यांची पद्धत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात अपरिचित असे काही नाही.

अडचण आहे ती ही विद्या शिकवण्यात. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने ‘केस’ पद्धत रूढ केली. एखाद्या कंपनीची हकीकत वीस-पंचवीस पानांत लिहून वर्गात द्यायची आणि ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?’ असे विचारायचे. पद्धत उत्तम, पण तिच्यात एक सोय दडलेली असते. कोणते आकडे महत्त्वाचे, कोणती माणसे बोलतील, अडचण नेमकी कोणती, हे सारे लिहिणाऱ्याने आधीच निवडून ठेवलेले असते. प्रत्यक्ष दुकानात अशी निवडलेली वीस पाने कोणी हातात देत नाही. तिथे रोजमेळ असतो, अर्धवट नोंदी असतात, आणि एकाच गोष्टीविषयी मालक, मुनीम व गोदामातला हमाल तीन वेगवेगळी उत्तरे देतात.

ब्रिटनमध्ये रेजिनाल्ड रेव्हान्स यांनी ही त्रुटी फार लवकर हेरली. मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक असलेले रेव्हान्स दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील राष्ट्रीय कोळसा मंडळात प्रशिक्षणाचे काम पाहत होते. खाणींच्या व्यवस्थापकांना व्याख्याने देण्यापेक्षा त्यांनी एकमेकांच्या खऱ्या अडचणी मांडाव्यात आणि परस्परांना प्रश्न विचारावेत, असा त्यांचा आग्रह होता. शिकणे म्हणजे पुस्तकी ज्ञान अधिक प्रश्न विचारण्याची दृष्टी, असे त्यांचे छोटेसे समीकरण होते. त्यातले दुसरे पद पाठ्यपुस्तकात छापता येत नाही.

हा विचार एका मोठ्या विद्यापीठाने अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणून बसवला, तो अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने. ॲन आर्बर येथील त्यांच्या व्यवस्थापन विद्यालयात, जे आज रॉस स्कूल म्हणून ओळखले जाते, १९९२ पासून ‘मॅप’ नावाचा उपक्रम चालतो. पूर्णवेळ एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्याला तो अनिवार्य आहे. सात आठवडे वर्ग बंद. चार ते सहा जणांचा गट एखाद्या खऱ्या संस्थेकडे जातो. कधी ती मोठी कंपनी असते, कधी नुकताच सुरू झालेला उद्योग, कधी सेवाभावी संस्था. संस्थेने आपली खरी अडचण द्यायची, माहिती खुली करायची, गटाने शोध घ्यायचा आणि शेवटी त्या संस्थेच्या प्रमुखांसमोर उभे राहून शिफारशी मांडायच्या. पाठीशी मार्गदर्शक प्राध्यापक असतात. ‘केस’ पद्धतीचे माहेरघर असलेल्या हार्वर्डनेही २०११ मध्ये ‘फील्ड’ या नावाने विद्यार्थ्यांच्या गटांना प्रत्यक्ष कंपन्यांच्या कामाला जोडणारा अभ्यासक्रम सुरू केला, यावरून वारा कोणत्या दिशेला वळला ते कळते.

मिशिगनचा आपल्याशी एक जिव्हाळ्याचा धागा आहे. कोइमतूरचे सी. के. प्रल्हाद तेथे प्राध्यापक होते. समाजाच्या तळाशी असलेल्या गरीब ग्राहकांविषयीचा त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ २००४ मध्ये आला. त्यातील संस्थांची सविस्तर अध्ययने त्यांच्या एम.बी.ए.च्या विद्यार्थ्यांच्या गटांनी केली होती. मदुराईचे अरविंद नेत्रालय त्यात आहे, तसाच ‘जयपूर फूट’ही आहे. हा कृत्रिम पाय डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवला. तो गरजूंना विनामूल्य बसवून देणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केली. हे मेहता पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि सेबीचे अध्यक्ष झाले. आपण ज्या संस्थेकडे दानाची पावती फाडण्यापुरते पाहतो, तिच्याकडे त्या विद्यार्थ्यांनी कार्यपद्धती म्हणून पाहिले: रुग्ण दाराशी आल्यापासून चालत बाहेर पडेपर्यंत काय काय घडते, एवढ्या थोड्या खर्चात हे कसे जमते, कोणती पायरी इतरांनी गाळली असती. करुणेच्या कामालाही प्रक्रिया असते आणि ती मोजता येते, हे ग्रंथालयात बसून त्यांना कळले नसते.

आता गट नेमके शिकतो काय, ते आपल्या परिचयाच्या उदाहरणाने पाहू. समजा, एका घाऊक व्यापाऱ्याची वर्षाची विक्री १२ कोटी रुपये आहे आणि ती जवळजवळ सारी उधारीची आहे. तो म्हणतो, ‘ऑनलाइनवाल्यांनी धंदा खाल्ला, पैसा पुरत नाही, बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी.’ कच्चा सल्लागार लगेच ऑनलाइन स्पर्धेवर तीस पाने लिहील. पक्का होऊ घातलेला गट आधी येणे बाकीची यादी दिवसांप्रमाणे लावतो. पूर्वी पैसे सरासरी ४५ दिवसांत येत. आता ७५ दिवस लागतात. रोजची विक्री सुमारे ३ लाख २९ हजार. जास्तीचे ३० दिवस म्हणजे जवळजवळ ९९ लाख रुपये गिऱ्हाइकांच्या खिशात अडकले. दहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला दहा लाखांच्या आसपास भुर्दंड. विक्री घटलेलीच नाही. वसुली सैल झाली आहे. मग पुढचा, अवघड प्रश्न: ती का सैल झाली? वसुलीला जाणारा जुना माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी नेमलेच नाही, हे उत्तर ताळेबंदात सापडत नाही. ते मुनीमजींबरोबर चहा घेताना सापडते.

बँकेतील सेवाकाळात कर्जप्रस्तावांना जोडलेले प्रकल्प-अहवाल मी शेकड्यांनी वाचले. गोदामात पाऊल न टाकता लिहिलेला अहवाल तिसऱ्या पानावर ओळखू येई. त्यात सर्व काही वाढत असे, विक्री, नफा, मागणी, आणि कोणत्याही माणसाचा पत्ता नसे. विद्यार्थ्याला खऱ्या गिऱ्हाइकापुढे उभे केले की ही सवय मोडते. वर्गात चुकीचे उत्तर दिले तर दोन गुण जातात. इथे समोर बसलेल्या माणसाचे पैसे त्या उत्तरावर अवलंबून असतात आणि तो भर सभेत विचारतो, ‘हे तुम्ही कोणाला विचारून लिहिले?’

मांडणीचाही धडा इथेच मिळतो. मॅकिन्झीमध्ये काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी अहवाललेखनाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात निष्कर्ष आधी आणि कारणे मागाहून येतात. आम्हा बँकवाल्यांची टिपणी नेमकी उलटी: पार्श्वभूमीपासून सुरुवात आणि शिफारस शेवटच्या परिच्छेदात, सही करण्याच्या जागेच्या जरा वर. व्यग्र मालकासाठी मिंटोबाईंची रीत बरी, हे मान्य केले पाहिजे.

गटात काम करणे हा स्वतंत्र अभ्यास आहे. एकाला आकड्यांची आवड, दुसरीला माणसांची, तिसरा फक्त बैठकीला वेळेवर येतो. इंटर्न मुलाला वरिष्ठ सांगतो ते करायचे असते. सल्लागार गटाला कोणावरही अधिकार नसतो, पटवूनच काम करून घ्यावे लागते. पूर्वी आपल्याकडे मुलाला स्वतःच्या गादीवर बसवण्याआधी नातलगाच्या किंवा स्नेह्याच्या पेढीवर उमेदवारीला पाठवीत, त्यात हेच शहाणपण होते. घरच्या दुकानात धाकट्या शेठची चूक कोणी दाखवत नाही. मुंबईत अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेतही विद्यार्थ्यांना काही आठवडे सामाजिक संस्थांत प्रत्यक्ष प्रकल्पावर पाठवण्याचा प्रघात आहे. वातानुकूलित खोलीतली भाषा खेड्यात चालत नाही, हे कळायला तेवढा काळ पुरतो.

या पद्धतीला मर्यादा आहेतच. सात आठवड्यांनी मुले परत जातात. शिफारस अमलात आणताना होणारा त्रास मालकाच्या वाट्याला येतो. ज्याची बदली करा असे त्यांनी सहज लिहिले, तो मालकाचा मावसभाऊ असू शकतो. आणि आपल्या लोकांचा खरा संकोच आहे तो वह्या दाखवण्याचा. तो अनाठायी नाही. गिऱ्हाइकांची नावे आणि खरेदीचा भाव हेच पेढीचे भांडवल असते. म्हणून प्रारंभीच गोपनीयतेचा लेखी करार व्हावा, नावांऐवजी क्रमांक घालून याद्या द्याव्यात, आणि कामाची व्याप्ती एका पानात लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. ‘धंदा वाढवून द्या’ ही व्याप्ती नव्हे. ‘येणे बाकी ७५ दिवसांवरून ५० वर कशी येईल’ ही व्याप्ती होय.

जवळच्या व्यवस्थापन महाविद्यालयाचा गट पेढीवर घ्यायची कोणाची तयारी असेल, तर तीन वर्षांची येणे बाकी आणि मालसाठ्याची विवरणपत्रे आधी काढून ठेवावीत, आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी घरातील एकच व्यक्ती नेमावी. शक्यतो सूनबाई किंवा धाकटा मुलगा, म्हणजे प्रश्न विचारायची रीत त्यांच्याही कानावर पडेल. आठवड्यातून दोन तास द्यावे लागतील. मुलांना गोदामात एकटे फिरू द्यावे. मालक शेजारी उभा असला की हमाल बोलत नाही.