जुनें जनरेटर घेतांना

सन २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ वादळानें श्रीवर्धनाकडील विजेचे खांब आडवे केले. कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. अशा वेळीं घरचें जनरेटर उपयोगीं पडतें खरें. परंतु जुनें घेतांना नव्या रंगास भुलूं नये. पंपाचा भार घालून अर्धा तास चालवून पाहावें. जोडणी जाणत्या वायरमनकडून, चेंजओव्हर स्विच बसवूनच करवावी, येथें काटकसर आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तो नसल्यास घरची वीज उलट रोहित्रांत शिरून हजारों व्होल्टांपर्यंत चढूं शकते, आणि तार बंद समजून खांबावर चढलेला लाइनमन प्राणास मुकतो. यंत्र पडवींतहि ठेवूं नये, अंगणांत खिडक्यांपासून दूर असावें. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो, निजलेल्यांस त्याची चाहूलहि लागत नाहीं.