चमक आणि पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहिणारा माणूस. शस्त्रांशी माझा संबंध शब्दांपुरताच. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले, 'बंदूक' अरबीतून आली, एवढं सांगितलं की माझं ज्ञान संपायचं. पण माझे आजोबा शिकलगार होते. अरबीत 'सैकल' म्हणजे घासूनपुसून आणलेली झळाळी, त्यावरून शिकलगार. आजोबा वर्षभर विळे, अडकित्ते, कात्र्या परजायचे. खंडेनवमी जवळ आली की आसपासच्या गावांतून पूजेच्या तलवारी येत. एखाद्या हौशी पाटलाने सांगितलं, "चाचा, आरशासारखी चमकवा," की आजोबा म्हणायचे, "चमक आती-जाती है, पाणी गया तो गया."

पाणी म्हणजे काय? पोलाद तापवून एकदम थंड केलं आणि पुन्हा बेताने शेकलं की त्याला जो कणखरपणा येतो, ते पाणी. सहाणेच्या चाकावर पातं जास्त वेळ दाबून धरलं तर ते तापतं, निळं पडतं आणि पाणी उतरतं. मग तलवार दिसते नवी, पण वाकते पत्र्यासारखी.

हे सगळं आठवायला कारण घडलं. धरणगावकडचे माझे एक स्नेही, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एका संध्याकाळी घरी आले. त्यांचे वडील तीन महिन्यांपूर्वी वारले होते. वडिलांकडे परवान्याचं एक जुनं वेब्ली होतं, बत्तीस बोअरचं. गावात सगळे त्याला पिस्तूल म्हणतात. खरं तर ते फिरत्या चक्रीचं रिव्हॉल्व्हर. आप्पांनी मोबाईलवर फोटो दाखवले. रंग उडालेला, मुठीला बारीक तडा. पुण्याला शिकणाऱ्या मुलाचं म्हणणं होतं की निकल चढवून घेऊ, नवी नक्षीची मूठ बसवू, नळी थोडी आखूड करू, म्हणजे लग्नाकार्यात कमरेला शोभेल.

"भाई, तुम्ही शिकलगाराचे नातू. सांगा, करावं का?" आप्पांनी विचारलं.

मी आधी दुसरंच विचारलं, "आप्पा, आत्ता ते आहे कुठे?"

"कुठे म्हणजे? कपाटात."

श्रोतेहो, इथेच पहिली गफलत होते. परवाना त्या व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानेदार वारला की घरच्यांनी विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तसं कलमच आहे. मग वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारसाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा आहे. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षांची झाली. लग्नकार्यात आनंदाने बार काढणं हाही त्याच दुरुस्तीने वेगळा गुन्हा ठरला.

"पण ते इतकं जुनं आहे, त्याला कसला परवाना?" हा आप्पांचा पुढचा प्रश्न. असा समज बऱ्याच जणांचा असतो. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून जपलेलं किंवा मोडकं शस्त्र कायद्यातून सुटतं खरं, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही, अशा अवस्थेत असलं तरच. आप्पांचं वेब्ली तर चालत होतं.

आता मूळ प्रश्न. मुलाने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला मी आजोबांचीच कसोटी लावली : हे करून पुन्हा मागे येता येईल का?

मूठ बदलली तर मागे येता येतं. जुनी मूठ फडक्यात गुंडाळून ठेवावी, वाटेल तेव्हा परत बसवावी. थकलेली कमान बदलली तर तेही चालतं, ती झिजायचीच. मात्र हे काम कोणीही करायचं नाही. शस्त्राची दुरुस्ती, फेरफार आणि चाचणी या सगळ्याला कायद्याने परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक कारागीरच गाठायचा.

नळी कापली की मागे येता येत नाही. बंदुकीची नळी आखूड करण्याबद्दल कायद्यात स्वतंत्र कलमच आहे. खास परवान्याशिवाय ते करता येत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये बनलेल्या शस्त्रावर प्रूफ हाऊसची खूण असते. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासूनचं. तिथे नेहमीपेक्षा भारी बार काढून नळी आणि चक्री तपासतात, टिकली तर शिक्का मारतात. तो शिक्का त्या दिवशीच्या शस्त्राची हमी देतो. नंतर कोणी कापलं, घासलं, तर ती हमी संपली.

निकलची गोष्ट वरून साधी वाटते. पण मुलामा चढवण्याआधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि त्या घासण्यात आधी जातात ती अक्षरं : कारखान्याचं नाव, प्रूफची खूण आणि शस्त्राचा क्रमांक. शस्त्रावरचा क्रमांक किंवा खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि अशा खुणा नसलेलं शस्त्र विकणं किंवा दुसऱ्याला देणं हाही. म्हणजे हौसेने चमकवलेलं वडिलांचं रिव्हॉल्व्हर कायद्याच्या नजरेत बेवारस होतं. चोपडा तालुक्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. त्या कट्ट्यांना ना कारखाना, ना क्रमांक, ना कोणी केलेली चाचणी. आपलं शस्त्र आपल्याच हाताने त्या रांगेत कशाला बसवायचं?

क्रमांकाची किंमत काय असते याचा दाखला आपल्यापासून फार दूर नाही. धुळ्यावरून आग्रा रोड धरला की इंदूर. तिथे सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात एक बत्तीस बोअरचं कोल्ट पिस्तूल वर्षानुवर्षं इतर शस्त्रांबरोबर मांडलेलं होतं. गंज चढू नये म्हणून त्यावर काळा रंग दिलेला. २०१६ मध्ये तो रंग खरवडला, तेव्हा खालून क्रमांक निघाला : १६८८९६. जुन्या खटल्याच्या कागदांशी तो ताडून पाहिला. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ रोजी सॉन्डर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या प्रकरणातलं ते भगतसिंगांचं पिस्तूल होतं! पुढे ते पंजाबात हुसैनीवाला इथल्या संग्रहालयात गेलं.

श्रोतेहो, विचार करा. रंग देणाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण त्याने फक्त रंग दिला, घासलं नाही. रंग खरवडता आला. त्याच्या जागी कोणी हौशी माणूस असता आणि त्याने निकलसाठी ते घासून काढलं असतं, तर एक लखलखीत पिस्तूल उरलं असतं आणि भगतसिंग त्यातून कायमचे पुसले गेले असते.

आप्पांच्या वडिलांचं नाव कोणत्याही इतिहासात नाही. पण घरालाही इतिहास असतोच.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. बत्तीस बोअर म्हटलं म्हणजे सगळी काडतुसं एकच, असं नाही. पिस्तुलाचं बत्तीस वेगळं, रिव्हॉल्व्हरचं वेगळं, आणि रिव्हॉल्व्हरमध्येही आखूड आणि लांब. जुन्या शस्त्राला कोणतं काडतूस चालतं, हे त्याच्यावरच्या खुणांवरून आणि जाणकाराने तपासूनच ठरतं. खुणा घासल्या तर सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी आप्पांनी रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केलं आणि रीतसर पावती घेतली. उशीर का झाला म्हणून चार शब्द ऐकून घेतले. परवाना हातात यायला बरेच महिने लागले. मग परवानाधारक कारागिराने ते उघडून पाहिलं, एक कमान बदलली, तेल दिलं, बाकी हात लावला नाही.

मूठही बदलली नाही. मुलगा दिवाळीला आला तेव्हा आप्पांनी त्याला ती मूठ दाखवली. एका बाजूला, अंगठा येतो तिथे, ती झिजून गुळगुळीत झाली होती. आप्पा म्हणाले, "हाई तुना आजाना आंगठा शे." मुलाने आपला अंगठा तिथे ठेवून पाहिला. निकलचा विषय नंतर घरात कोणी काढला नाही.