बोलणाऱ्याने शिकावे तरी काय?

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्व तीरावर बजबज हे जुने बंदर आहे. तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या आणि सियालदहहून येणाऱ्या लोकलचे शेवटचे स्थानक, एवढीच त्याची एरवीची ओळख. परंतु 19 फेब्रुवारी 1897 च्या सकाळी येथून एक खास गाडी सियालदहकडे निघाली आणि तीत शिकागोची सर्वधर्मपरिषद गाजवून मायदेशी परतलेले स्वामी विवेकानंद होते. सियालदहला लोटलेल्या गर्दीतील विद्यार्थ्यांनी त्यांच्या बग्गीचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत रिपन महाविद्यालयापर्यंत नेली. वक्त्याच्या वाट्याला असा सन्मान क्वचितच येतो.

ज्या घरातील कपाट वक्तृत्व स्पर्धांच्या ढालींनी भरले आहे, तेथे बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलाला बोलायला आवडते, सभेची भीती नाही. मग पदवीसाठी त्याने कोणता विषय घ्यावा? आप्तेष्टांकडून तयार उत्तरेही मिळतात. कोणी जनसंवाद सुचवतो, कोणी कायदा. पुढील तीन-चार वर्षे आणि आईवडिलांची पुंजी ज्या निर्णयावर लागायची, तो अशा घाईने घेणे बरे नव्हे.

विवेकानंदांनी, म्हणजे तेव्हाच्या नरेंद्रनाथ दत्तांनी, कशाचा अभ्यास केला होता? 1884 साली ते बी. ए. झाले ते जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमधून. आज तेच स्कॉटिश चर्च महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि युरोपचा इतिहास हे त्यांच्या वाचनाचे विषय. 11 सप्टेंबर 1893 रोजी शिकागोत ते उभे राहिले तेव्हा हाती लिहिलेले भाषण नव्हते; इतर वक्ते तयारीनिशी आले होते, असे त्यांनीच पुढे पत्रात कळवले. ते छोटे भाषण आपल्या शाळांतून आजही पाठ करून म्हटले जाते. मात्र 19 सप्टेंबरला त्याच परिषदेत त्यांनी हिंदू धर्मावर एक सविस्तर निबंध वाचला, त्याचे नावही स्पर्धेच्या व्यासपीठावर ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी वाणीने सभा जिंकली असेल; दुसऱ्या प्रसंगी मात्र वेदान्त आणि तर्कशास्त्र यांच्या अभ्यासावाचून निभाव लागला नसता.

योगायोग असा की त्याच 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अठरा वर्षांचा आणखी एक तरुण बी. ए. झाला. गोपाळ कृष्ण गोखले पुण्यास आले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले आणि त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असा जो विषय वाट्याला येईल तो त्यांनी शिकवला. 1902 च्या मार्चमध्ये, राजधानी कोलकात्यास असताना, वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते प्रथमच बोलले. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते म्हणजे प्रजा सुखी आहे, हा सरकारचा समज त्यांनी आकड्यांनीच खोडून काढला. रुपयाचे मोल कृत्रिमरीत्या वाढले, कर मात्र रुपयांत तेवढेच राहिले; म्हणजे रयतेवरचा खरा बोजा वाढला, असा त्यांचा मुद्दा होता. मिठावरील कर कमी करा, ही मागणीही त्यांनी केली; 1903 साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. या भाषणांच्या आकडेवारीमागे गणेश व्यंकटेश जोशी या सोलापूरच्या अभ्यासू शिक्षकाचे मोठे साहाय्य होते, हे विसरता येणार नाही. गोखल्यांचा आवाज मेघगर्जनेचा नव्हता. तरीही सभागृह कान देऊन ऐके, कारण आकडा चुकेल अशी आशा विरोधकांनाही नसे.

आपल्या काळातही उदाहरणे आहेत. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांच्या व्याख्यानांना महाराष्ट्रभर गर्दी होई. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयातील हे प्राचार्य मूळचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक.

मग कायदा घेऊच नये काय? अवश्य घ्यावा. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातील अभिरूप न्यायालये, हे सारे बोलक्या विद्यार्थ्याला मानवणारे आहे. कोलकात्यात 1999 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. परंतु वकिलाचा बहुतेक वेळ कागद वाचण्यात आणि मसुदे लिहिण्यात जातो, न्यायालयातले बोलणे काही मिनिटांचे. ज्याला त्या कागदांचाच कंटाळा आहे, त्याने केवळ युक्तिवादाच्या मोहाने तेथील भरमसाट शुल्क भरू नये. जनसंवादाचेही तसेच. माध्यमाचे तंत्र तेथे शिकवले जाते. कशावर बोलायचे ते ज्याचे त्याने आणायचे असते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे अनेक विद्यापीठांत आता मुख्य विषयासोबत गौण विषयही घेता येतो. अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान किंवा एखादे शास्त्र मुख्य ठेवून जनसंवाद वा भाषा जोडीला घ्यावी, ही व्यवस्था वक्त्याला सोयीची आहे. आपल्या महाविद्यालयात कोणत्या जोड्या मिळतात, याची चौकशी मात्र प्रवेशापूर्वी करावी. बोलण्याचा सराव वादविवाद मंडळातही होतो, त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारख्या ठिकाणी श्रोत्यांत बसूनही पुष्कळ शिकता येते.

तरीही निर्णय होत नसेल तर एक घरगुती परीक्षा घेता येईल. आवडीच्या दोन-तीन विषयांवर मुलाला प्रत्येकी वीस मिनिटे कागदाविना बोलायला सांगावे आणि नंतर घरातल्यांनी मनसोक्त प्रश्न विचारावेत. एखाद्या विषयावर तो वाक्ये फिरवून वेळ भरील. एखाद्यावर मात्र उत्तर सापडले नाही म्हणून अस्वस्थ होऊन त्याच संध्याकाळी ग्रंथालयाची वाट धरील. प्रवेश अर्जाच्या पहिल्या रकान्यात तो दुसरा विषय लिहावा.