दुर्बिणीपेक्षा जोडणी महत्त्वाची

भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत मात्र दर शरद ऋतूत परवानाधारक शिकारी हरणांच्या मागावर निघतात. रायफलीवरील दुर्बीण जितकी शक्तिशाली तितका नेम अचूक, हा त्यांच्यातील अनेक नवख्यांचा समज फसवा आहे.

तेथे ३ ते ९ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण सर्रास वापरली जाते. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. नऊपट वर्धनाला तो जेमतेम ४.४ मिलिमीटर, तर चौपटीला १० मिलिमीटर असतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. म्हणूनच हरणे बाहेर पडतात त्या सांजवेळी अतिवर्धनाने दृश्य काळवंडते.

खरी कसोटी जोडणीची. दुर्बीण डोळ्यापासून सुमारे ९ सेंटिमीटर दूर हवी; अन्यथा बार उडताच बसणाऱ्या धक्क्याने भुवई फुटू शकते. रायफल सरळ धरली असता फुलीची रेघ काटेकोर उभी दिसावी आणि कड्यांचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. दुर्बीण पाव अंशाने ढळली, तरी १०० मीटरवर गोळी सुमारे ४४ सेंटिमीटर भरकटते. यासाठीच हंगामापूर्वी कागदी लक्ष्यावर तीन-तीन गोळ्या झाडून नेम जुळवला जातो. ही तपासणी टाळल्याची किंमत जनावराला मोजावी लागते. ते जागीच न मरता जखमी अवस्थेत रानात तडफडत राहते.