गाव तिथंच, राज्यं पाच

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वलगाव येतं, आणि पेढी नदी. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांना अमरावतीला नेत असताना इथंच, नदीकाठी, त्यांनी देह ठेवला. त्यांचा जन्म १८७६ चा, याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जन्म आणि मृत्यू एकाच जिल्ह्यात. पण मधल्या ऐंशी वर्षांत या मातीवरच्या राज्याचं नाव कितीदा बदललं, ते मोजायला गेलं की डोकं गरगरतं.

बाबा जन्मले तेव्हा अमरावतीसकट सगळं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं आणि कारभार इंग्रजांचा. फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता. सावकाराकडं वावर गहाण टाकावं, तसाच. कापसाचा मुलूख, ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’. सावकार तो सोडतो कशाला? १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच झाला आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं. तरी मालकी निजामाचीच! म्हणून १९३६ मध्ये त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वऱ्हाडात राज्य न करणारा वऱ्हाडचा राजपुत्र.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत व वऱ्हाडाचा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाडासह विदर्भ मुंबई राज्यात गेला. त्यानंतर अवघ्या ४९ दिवसांनी बाबा गेले. चार राज्यं पाहिली. पाचवं, महाराष्ट्र, साडेतीन वर्षं पुढं होतं. गाव जागचं हलत नव्हतं, राज्यच त्याच्या पायाखालून सरकत होतं.

महाराष्ट्रात ‘राहायचं की निघायचं’ हा विदर्भाचा वाद या सरकण्यातूनच आला. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार म्हणत होता, मराठी मुलखाचं राज्य एक करू, पण त्यात महाविदर्भाचं विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ वेगळं ठेवू. १९५३ च्या नागपूर करारात वेगळं विधिमंडळ गेलं; त्याऐवजी नोकऱ्यांत लोकसंख्येप्रमाणे वाटा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, असं ठरलं. दरवर्षी हिवाळ्यात सरकार नागपूरला येतं, ते या कराराचा मान राखायला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं तर आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करा, अशी शिफारसच केली. ती बाजूला राहिली. वलगावकरांची दीडशे किलोमीटरवरची राजधानी साडेसहाशेवर गेली.

वेगळं व्हा म्हणणारे सिंचनाचा अनुशेष दाखवतात. एकत्र राहा म्हणणारे भाषा एक आहे म्हणतात आणि मुंबईच्या तिजोरीकडं बोट करतात. दोघांच्याही म्हणण्यात दम आहे. पण मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं: १८५३ पासून एवढे करार झाले, पट्टे झाले, आयोग झाले, पण ‘तुम्हाला काय पाहिजे?’ असा थेट सवाल घेऊन सरकारी मतपेटी वऱ्हाडात कधी आलीच नाही.

आपल्या संविधानाचं तिसरं कलम पाहा. राज्य तोडायचं, जोडायचं, नाव बदलायचं, हा अधिकार संसदेचा. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं. ते पाळावंच लागतं असं नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगणा झालाच. युरोपीय संघाची तऱ्हा उलटी. तिथं बाहेर पडायचं की नाही, हे सभासद देश ठरवतो. २०१६ मध्ये ब्रिटनच्या जनतेनं ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी निघायचं ठरवलं. तिथं निघणं अंशाच्या हातात, इथं अंश नव्यानं मांडणं पूर्णाच्या हातात.

पण आपल्याकडंही एकदा लोकांना विचारलं गेलं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? सुमारे ३४ हजारांच्या मताधिक्यानं गोवा वेगळा राहिला. ज्या महाराष्ट्रात वऱ्हाड न विचारता आलं, त्याच महाराष्ट्राला गोवा विचारल्यावर ‘नको’ म्हणाला.

वलगावच्या पुलावर उभं राहून मी खालच्या पाण्याकडं पाहतो. पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. बाबा गेले त्या दिवशी हे पाणी वलगावपासून समुद्रापर्यंत एकाच राज्यातून वाहत होतं, कारण गुजरातही तेव्हा मुंबई राज्यातच होता. ही मौज साडेतीन वर्षं टिकली. १ मे १९६० पासून त्याला वाटेत एक सीमा ओलांडावी लागते. पाण्यालाही कुणी विचारलं नव्हतं. पण त्याला निदान अधिवेशनासाठी नागपूरला जावं लागत नाही.